‘मग काय निघालं?’ : हालचाल मोजणाऱ्या पट्ट्याचे निकाल ज्येष्ठांना परत देताना

आमच्या अभ्यासात साठीच्या पुढच्या माणसांच्या मनगटावर आठवडाभर एक छोटं यंत्र बांधलं जातं. कोणी त्याला पट्टा म्हणतं, कोणी मशीन, कोणी घड्याळ. आठवडा संपला की मी ते काढून न्यायला जाते आणि चहा होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो: “मग काय निघालं?” पहिल्या टप्प्यात या प्रश्नाला आमचं ठरलेलं उत्तर होतं. सगळ्यांची माहिती एकत्र करून अभ्यासली जाईल, एकेकट्याचा निकाल दिला जाणार नाही. संमतीपत्रात तसं छापलं होतं आणि आम्ही ते वाचूनही दाखवलं होतं. तरी लोक विचारायचेच. रक्त तपासलं की कागद हातात मिळतो, बीपी मोजलं की आकडा सांगतात. मग सात दिवस, सात रात्री हाताला बांधलेल्या गोष्टीचं काहीच हाती लागू नये, हे त्यांना पटत नव्हतं. मलाही पटत नव्हतं.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. पुण्यातल्या एका संशोधन गटात ज्येष्ठांच्या हालचालींवरच्या अभ्यासात काम करते. आमचे सहभागी काही शहरातले आहेत, काही जुन्नर तालुक्यातल्या गावांतले. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकाला त्याचा निकाल घरी जाऊन द्यायचा असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. ते कसं होत गेलं ते लिहिते आहे. असं काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, आणि ज्यांच्या घरातल्या आजी-आजोबांच्या हाताला असं यंत्र बांधलं जाणार आहे त्यांनाही.

आधी यंत्राबद्दल. त्याच्या आत अॅक्सिलरोमीटर असतो. हाताच्या हालचालीचा वेग तिन्ही दिशांना कसा बदलतो, हे तो सेकंदाला कित्येकदा टिपतो. संशोधनातली यंत्रं साधारणपणे सेकंदाला ३० ते १०० नोंदी घेतात. आमच्या यंत्रात जीपीएस नव्हतं, माइक नव्हता आणि पडदाही नव्हता. पडदा नसतो तो मुद्दाम. आकडा डोळ्यांसमोर आला की माणूस चालणं वाढवतो, आणि आम्हाला तर त्याचं नेहमीचं वागणं बघायचं असतं. नुसता पट्टा बांधला तरी पहिल्या दिवशी लोक जरा जास्तच फिरतात, म्हणून काही अभ्यासांत पहिला दिवस हिशेबात धरत नाहीत.

निकाल न देण्यामागचं एक कारणही हेच. ज्या माणसांची हालचाल पुढे पुन्हा मोजायची आहे त्यांना मध्येच निकाल दिला, तर पुढच्या वेळी त्यांच्या नेहमीच्या आयुष्याऐवजी आपल्याच कागदाचा परिणाम मोजला जाईल. आमच्या बैठकीत हा आक्षेप मांडला गेला आणि तो खरा आहे. म्हणून दुसऱ्या वेळचं मोजमाप पूर्ण झाल्यावरच दोन्ही आठवड्यांचे निकाल एकत्र द्यायचे असं ठरलं. त्यात बराच काळ गेला. मधल्या काळात काही सहभागी वारले. एका काकूंनी त्यांच्या मिस्टरांचा कागद मागितला, तेव्हा लक्षात आलं की अशा वेळी निकाल कोणाला द्यायचा हे संमतीपत्रात कुठेच विचारलेलं नव्हतं. आम्ही तो प्रश्न एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनात सहभागींशी नीट वागलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीपुढे, ठेवला. कमिटीने त्या एका बाबतीत परवानगी दिली आणि पुढच्या संमतीपत्रात तशी स्वतंत्र ओळ घालायला सांगितली. आता आम्ही यंत्र बांधण्याआधीच विचारतो. विचारायला जड जातं, पण ज्येष्ठ मंडळी बहुधा लगेच आणि स्पष्ट उत्तर देतात. अवघडतात ती शेजारी बसलेली मुलं.

अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान-संस्थांचा २०१८चा एक अहवाल आहे, संशोधनातले वैयक्तिक निकाल सहभागींना परत देण्याबद्दल. निकाल द्यायचा की नाही हे ठरवताना त्या माणसाला त्याचं काय मोल वाटतं तेही विचारात घ्या, असं तो सांगतो. आमच्या बैठकीत हा मुद्दा उपयोगी पडला. कारण तोवर चर्चा एवढीच चालली होती की या आकड्यांचा वैद्यकीय उपयोग नाही, मग द्यायचे कशाला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपला आठवडा कागदावर कसा दिसतो हे बघायचं असतं. त्याला उपचाराचं निमित्त लागत नाही.

निकाल देण्याच्या कामाची खरी सुरुवात पट्टा बांधतानाच होते, हे मला या घरांनी शिकवलं. जुन्नरकडच्या एका गावात एकटे राहणारे एक आजोबा पट्टा बांधून घेताना निवांत हसले आणि म्हणाले, “बरं झालं. आता रात्री-बेरात्री पडलो तर पुण्याला कळंल.” मी हातातलं काम थांबवलं. आमचं यंत्र कुठेच काही पाठवत नाही. सगळं आत साठवतं आणि ते आम्ही नंतर संगणकावर उतरवून घेतो. आजोबा पडले असते तर आम्हाला ते पडणं फार तर काही आठवड्यांनी एका आलेखात दिसलं असतं. त्यांना ते नीट सांगितलं, शेजारच्या घरचा मोबाइल नंबर त्यांच्याच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, आणि त्या दिवसापासून माहितीपत्रकातलं वाक्य बदलून घेतलं: “हे यंत्र बांधलेलं असताना तुम्ही पडलात किंवा आजारी पडलात तर आम्हाला कळणार नाही.” पत्रकातलं प्रत्येक वाक्य कमिटीकडून मंजूर करून घ्यावं लागतं, हे मात्र एकाही प्रश्नाशिवाय मंजूर झालं. हातावर मशीन आहे म्हणजे कोणीतरी बघतंय, हा समज शहरातही तितकाच घट्ट आहे. ज्यांची मुलं परगावी असतात त्यांच्यात जास्तच.

मग निकालात द्यायचं काय? एका आठवड्याचा डेटा म्हणजे कोट्यवधी आकडे. सॉफ्टवेअर त्यांचे मिनिटामिनिटाचे गठ्ठे बांधतं आणि सांगतं की हे मिनिट बसण्याचं, हे हलक्या हालचालीचं, हे मध्यम हालचालीचं. पण ‘मध्यम’ कुठून सुरू होतं ही रेषा कोणीतरी आखलेली असते. कमरेला लावायच्या यंत्रांसाठी फार वापरली गेलेली एक रेषा फ्रीडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दिली. मिनिटाला १,९५२ काउंट (यंत्र हालचालीचा जोर ज्या एककात मोजतं ते) झाले की ते मिनिट मध्यम हालचालीचं. ती काढली होती ट्रेडमिलवर चालणाऱ्या-धावणाऱ्या तरुणांवरून. पुढे २००९ मध्ये कोपलंड आणि एस्लिगर यांनी निरोगी वृद्धांच्या चालण्यावरून रेषा आखली, ती आली १,०४१ वर. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. आमचं यंत्र मनगटावरचं, त्याच्या रेषा वेगळ्या, पण अडचण हीच. एकाच आजीचा एकच आठवडा एका रेषेने मोजला की त्या दिवसभर बसून असतात, दुसरीने मोजला की चांगल्या हिंडत्या-फिरत्या असतात. आजी त्याच, त्यांचे गुडघे तेच.

यामागे शरीराचंही कारण आहे. मध्यम हालचाल म्हणजे तीन मेटच्या वरची, असं पुस्तकात असतं. स्वस्थ बसल्यावर जेवढा ऑक्सिजन लागतो त्याच्या तिप्पट. पंचविशीतल्या मुलाला तेवढं म्हणजे सहज रस्त्याने चालणं. ज्यांची दमछाक लवकर होते अशा ऐंशीच्या आजोबांना तेच चढ चढल्यासारखं. बाहेरून मोजलेला जोर सारखा असला तरी आतून लागलेला जोर सारखा नसतो, आणि मनगटावरच्या यंत्राला आतलं दिसत नाही. म्हणून ‘मध्यम हालचालीची मिनिटं’ हा आकडा शोधनिबंधांसाठी ठेवायचा, घरी न्यायच्या कागदावर छापायचा नाही, यासाठी मी आग्रह धरला. गटातल्या दोघा-तिघांना ते आवडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्याच भाषेत आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल. मग लोकांना तुलना कशी करता येणार, असं त्यांचं म्हणणं. पण २०२०च्या त्याच शिफारशीत पासष्टीच्या पुढच्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे: आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणं, एका पायावर उभं राहणं. यातलं मनगटावरच्या पट्ट्यात जवळजवळ काहीच उमटत नाही. शिफारशीचा अर्धाच भाग दिसत असताना पास-नापासाचा शिक्का मारणं मला मान्य नव्हतं.

शेवटी कागदावर राहिलं ते असं: प्रत्येक दिवसाची एक आडवी पट्टी, हालचाल जास्त तिथे गडद, कमी तिथे फिकी, खाली दिवसागणिक पावलांचा अंदाज, आणि सगळ्यात खाली रिकाम्या रेघा, लिहायला. या रेघांबद्दल पुढे सांगते.

कच्चा नमुना आम्ही एका ज्येष्ठ नागरिक संघात नेला. तिथल्या मंडळींनी तासाभरात आमच्या कागदाचा कायापालट केला. आमची पट्टी रात्री बारापासून सुरू होत होती. “झोपेत कुठला दिवस सुरू होतो?” असं एका निवृत्त शिक्षिकांनी विचारलं. आता पट्टी पहाटे चारला सुरू होते आणि लोकांना ती बोट ठेवून वाचता येते. आम्ही निळा आणि हिरवा रंग शेजारी-शेजारी वापरला होता. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि हे दोन रंग वेगळे ओळखणं अवघड होतं, मोतीबिंदू असेल तर आणखीच. बसण्याची वेळ लाल रंगात होती, ती बघून एका काकांचा चेहराच उतरला. लाल म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी निघालंय. आता सगळा कागद एकाच रंगाच्या छटांत आहे. अक्षर मोठं केलं, टक्केवारी काढून टाकली, मिनिटांचे तास केले.

एका मुद्द्यावर मात्र तिथे दोन तट पडले. आमच्या कागदावर त्या वयाच्या लोकांच्या सरासरीची रेघ होती. ती बघताच बहुतेकांनी स्वतःचा आठवडा बघायचं सोडून आपण रेघेच्या वर की खाली एवढंच बघितलं, म्हणून मी ती काढायच्या बाजूची होते. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “तुमच्याकडे आकडा आहे, तो आमच्याच हातांवरून काढलाय, आणि आम्हाला झेपणार नाही म्हणून तुम्ही तो दाखवणार नाही, हे मला पसंत नाही.” त्यांचं म्हणणं रास्त होतं. तुलनेचा कागद आम्ही वेगळा केला. मागेल त्याला मिळतो, आणि त्यावर एका रेघेऐवजी रुंद पट्टा आहे. एकाच वयाची माणसं एकमेकांपासून किती दूर असतात ते त्यात दिसतं.

मग घरोघरी जाणं सुरू झालं. मी कागद समोर ठेवायची आणि आधी काहीच सांगायची नाही, विचारायची: “हा गुरुवार. इथे काय चाललं होतं?” सोबत त्यांची रोजनिशी असायची, त्यांनी लिहिलेली किंवा नातवंडांकडून लिहून घेतलेली. आणि दर घरात यंत्राच्या म्हणण्याला जोड मिळत गेली, कधी छेद मिळाला.

एका आजोबांच्या पट्टीत संध्याकाळचे सलग दीड-दोन तास इतके गडद होते की सॉफ्टवेअरने त्याला जोरदार हालचाल म्हटलं होतं. पावलं मात्र त्या वेळात शून्याच्या आसपास. आजोबांनी बोट ठेवलं आणि लगेच ओळखलं: “आमचं भजन.” ते टाळकरी. मांडी घालून बसलेले, आणि मनगटं अभंगाच्या लयीत चाललेली. त्याच आठवड्यात एका रात्री झोपच दिसत नव्हती. ती एकादशीच्या जागराची रात्र. दुसऱ्या एका घरी कार्तिकात मोजमाप झालेलं होतं. तिथल्या आजी रोज पहाटे चारच्या आत उठून काकड आरतीला जात होत्या आणि सॉफ्टवेअरने त्यांच्यापुढे ‘झोप खंडित’ असा शेरा टाकला होता. त्या आजींची तब्येत ठणठणीत होती.

कांद्याच्या वावरात खुरपणी करणाऱ्या एका मावशींच्या कागदावर पावलं इतकी कमी होती की पावलांच्या हिशेबात त्या घरात बसून राहणाऱ्या ठरल्या असत्या. सहा-सहा तास उकिडवं बसून वाफ्यातून सरकत पुढे जाणं म्हणजे काय मेहनत असते हे ज्याने एकदा केलंय त्यालाच कळेल. मावशी कागदाकडे बघून म्हणाल्या, “दिवसभर रानात होते म्हणून लिव्ह त्यावर.” मी लिहिलं. खालच्या रिकाम्या रेघा त्यासाठीच आहेत. आणि त्यात लिहिलेलं आम्ही परत आणून डेटाला जोडतो, ही आमच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मनगटाचा आकडा एकटा असतो तोवर अर्धा असतो. त्या माणसाने तो वाचून आपला दिवस सांगितला की मग मला, संशोधक म्हणून, कळतं की मी काय मोजलंय. निकाल परत देणं हे सहभागींवर केलेले उपकार आहेत असं आमच्यातल्या काहींना वाटायचं. मला तर तो मोजमापाचाच उरलेला भाग वाटतो.

पुण्यात एका सोसायटीत खुब्याचं ऑपरेशन झालेले एक काका होते. सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या मारायचे, एकही दिवस न चुकवता. त्यांच्या कागदावर पावलं जवळजवळ नव्हतीच. वॉकरची दांडी घट्ट धरली की मनगट स्थिर राहतं आणि चाल फार सावकाश असली तर यंत्र पावलं गाळतं. हे मला माहीत होतं, पण काकांना कसं असणार? त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग बायकोला म्हणाले, “एवढं करूनही काही नाही बघ.” मी त्यांना तिथेच वॉकर घ्यायला लावला, पुन्हा मनगटावर पट्टा बांधला, पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारून घेतल्या आणि लॅपटॉपवर ती नोंद उतरवून दाखवली: तुम्ही चाललात ते मी बघितलं, यंत्राने बघितलं नाही. त्यानंतर काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांच्या कागदावरून पावलांची ओळच आम्ही काढून टाकली. खोटा आकडा टीप देऊन छापण्यापेक्षा न छापलेला बरा. हा कागद टपालाने गेला असता तर काकांनी फेऱ्या बंद केल्या असत्या अशी मला धास्ती वाटते.

पावलांचा विषय निघाला की दहा हजार हा आकडा येतोच. नातवाच्या मोबाइलमध्ये असतो, सकाळी बागेत कानावर पडतो. त्याचा उगम मी प्रत्येक ठिकाणी सांगते. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं; त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं. आकडा तिथून जगभर गेला. वयस्कर लोकांच्या अभ्यासांत चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबत होता. अशा पंधरा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये आलं, त्यातही साठीच्या पुढच्यांसाठी ही पातळी ६,००० ते ८,००० च्या दरम्यान निघाली. हे ऐकून कितीतरी लोकांचे खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत. एका आजींनी तर मुलाला आतून बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं.

मुलगा आत होता हे योगायोगाने नव्हतं. भेट ठरवताना फोनवर आम्ही विचारतो: कागद बघताना घरातलं कोणी सोबत हवं का, की तुम्ही एकट्याच? हा प्रश्न सुचला तो एका घरातल्या प्रसंगावरून. मी पट्टीवरचा दुपारचा फिका भाग दाखवत असताना सूनबाई म्हणाल्या, “मी म्हणत नव्हते? दिवसभर टीव्हीपुढे.” आजी गप्प बसल्या. मग मी पट्टीची सुरुवात दाखवली. पहाटे साडेपाचपासून अकरापर्यंत सलग गडद: पाणी, डबे, पोळ्या, भांडी. आजींनी नातवाला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “एवढं जरा मोठ्यानं वाच.” तो कागद त्या घरात पुढे कसा वापरला गेला मला माहीत नाही. पण घरात माणसाच्या वागण्याचा असा लेखी पुरावा आला की तो कोणाच्या तरी हातात जातो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातून काढून घेणं सगळ्यात सोपं असतं, एवढं मी पाहिलं आहे. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवरून म्हणतो, “पीडीएफ मला पाठवा, मी बघतो.” तो काळजीनेच म्हणतो. मी आईकडे बघते. आई म्हणाली तर पाठवते. एका आईंनी कागदाची घडी करून पोथीत ठेवली आणि फोनकडे बघून म्हणाल्या, “माझ्याकडेच राहू दे.” तिथे विषय संपला.

रात्रीचा भाग आम्ही वेगळ्या पानावर नेला आणि ते पान पाकिटात असतं. कोण किती वेळा उठलं, कोण दोन वाजेपर्यंत तळमळत होतं, हे बैठकीच्या खोलीत पाच माणसांसमोर उघडायचं नसतं. पाकीट हवं का ते विचारते. बरेच जण नको म्हणतात. घेतलं त्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते: यंत्र हालचाल बघतं, झोप बघत नाही. न हलता जागं पडून राहिलं तर ते त्याला झोपच समजतं. झोप येत नाही म्हणून हैराण झालेल्या एका आजींच्या पानावर सात तासांची झोप होती. “मी जागीच होते गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात भीती होती, आता डॉक्टर कागदावर विश्वास ठेवतील आणि माझ्यावर नाही. पानाच्या वरच्या बाजूला मी पेनाने लिहून सही केली: यांना झोप लागत नाही असं त्या सांगतात, यंत्राला हे ओळखता येत नाही. आता ते वाक्य छापलेलंच असतं.

काहींना काहीच नको होतं. एका बाबांनी दारातच सांगितलं, पट्टा बांधला तो तुमच्या कामाला मदत म्हणून, मला माझं माहीत आहे. त्यांना पटवायचा प्रयत्न मी केला नाही, चहा घेतला आणि निघाले. निकाल मिळण्याइतकाच तो न घेण्याचाही हक्क असतो, आणि तो शब्दानेही आडवायचा नाही असं मी माझ्यासोबतच्या नव्या मुलींना सांगते.

जुन्नरकडच्याच एका आजी दरवर्षी आषाढी वारीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जातात, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ तीन आठवडे. आमचा पट्टा त्यांना बांधला गेला वारीहून परतल्यावर, पायांना तेल लावून विसावा घेत असतानाच्या आठवड्यात. कागदावर शांत, फिके दिवस. त्यांनी तो बघितला, परत माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, “पोरी, हा मी नव्हं. वारीत बांधायचं होतंस.” सात दिवस का घेतले, पाऊस-सणवार-शेतीचा हंगाम यांचं काय केलं, हे प्रश्न शोधनिबंधांचे परीक्षक विचारतात तेव्हा मला या आजी आठवतात. आता प्रत्येक कागदावर सगळ्यात वर ठळक अक्षरात तारखा असतात आणि त्याखाली ओळ: हा तुमचा एक आठवडा आहे.

या कामाला लागतो तो वेळ. यंत्र बांधायला वीस मिनिटं पुरतात, निकाल समजावायला तास-सव्वा तास, आणि गाव लांबचं असेल तर दिवसाला दोन घरं होतात. निधी देणाऱ्या संस्थांच्या तक्त्यात यंत्रांसाठी ओळ असते, सॉफ्टवेअरसाठी असते, परिषदेत निबंध वाचायला जाण्याच्या प्रवासासाठीही असते. परत-भेटीसाठी नसते. दुसऱ्या टप्प्यातल्या भेटी आम्ही इतर कामांतून वेळ आणि पैसे वाचवून केल्या, आणि शेवटच्या काही सहभागींना कागद टपालाने पाठवून मग फोनवर बोलावं लागलं. ऐकायला कमी येणाऱ्यांच्या बाबतीत तो फोन फार उपयोगी पडला नाही. त्या घरांना मी पुढच्या फेरीत आधी जाणार आहे. नव्या प्रस्तावात परत-भेटीचा खर्च वेगळ्या ओळीत मांडला आहे: दर सहभागीमागे एक भेट, दोन माणसांचा प्रवास, आणि कागदाच्या दोन प्रती, एक त्यांच्यासाठी आणि एक त्यांनी लिहून दिलेली आमच्यासाठी. प्रस्ताव सध्या छाननीत आहे.